जेवण जातंय का?

"सगळे नॉर्मल," असं म्हणून आगळे साहेबांनी दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले. "शिक्का मारा आणि सही करा. शनिवारच्या मीटिंगला लावायचंय."

आगळे साहेब आमच्या हॉस्पिटलचे एओ, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर. माणूस वाईट नाही, पण सारखा घाईत. मी कागद वाचायला घेतले तसे ते घड्याळाकडे बघायला लागले.

वर हेडिंग होतं, तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशन्स, फॉलोअप. खाली गेल्या वर्षभरातल्या पेशंटची नावं. प्रत्येक नावापुढं तीन कॉलम. जखम: भरली. जेवण: नॉर्मल. तोंड उघडणे: समाधानकारक. पहिल्या नावापुढं तेच, मधल्या नावांपुढं तेच, शेवटच्या नावापुढंही तेच. एका पोराच्या वहीत बघून अख्ख्या वर्गानं गणितं सोडवावीत, तसा तो तक्ता दिसत होता.

"साहेब, हे कुणी भरलं?"

"कुणी म्हणजे? चौसाळकर सरांनी. ऑपरेशनं त्यांनी केली, तेच भरणार ना?"

"आणि मीटिंगला कशासाठी?"

"फिजिओथेरपिस्टची पोस्ट बंद करायचीय. कंत्राट या महिन्यात संपतंय. सगळ्यांची तोंडं उघडतायत, मग तोंड उघडायला शिकवणारी बाई कशाला पाहिजे?"

मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवले. म्हटलं, "रेकॉर्डची सही म्हणजे पडताळणीची सही. शुक्रवारी देते."

"अहो मॅडम, दोन तर पानं आहेत!"

"म्हणूनच शुक्रवारी. चार असती तर पुढच्या आठवड्यात दिली असती."

हे हॉस्पिटल बीड जिल्ह्यातलं, एका ट्रस्टचं. नाव सांगत नाही, कारण मी रिटायर झाले तरी अजून गुडघे दाखवायला तिथंच जाते. पेशंटची नावंही बदलली आहेत. मी स्वतः घाटनांदूरची, आडनाव जोगदंड. मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर म्हणून माझी सगळी नोकरी गेली. रेकॉर्ड सेक्शन म्हणजे लोकांना रद्दीची खोली वाटते. नवीन डॉक्टर तर पहिल्या दिवशी मलाच विचारायचे, "मावशी, फायलीवाले साहेब कुठंयत?" मी सांगायची, "बसा, फायलीवाले साहेब तुमच्याशीच बोलतायत."

आता त्या कागदाची भानगड काय होती ते सांगते. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पेशंट घरी गेला. पण ऑपरेशनचा खरा रिझल्ट नंतर कळतो. माणूस जेवतो का, बोलतो का, गाठ परत आली का, तो आहे का. याला इंग्रजीत आउटकम म्हणतात. बहुतेक ठिकाणी ही माहिती ज्यानं ऑपरेशन केलं तोच सर्जन भरतो. म्हणजे पेपर आपणच लिहायचा आणि तपासायचाही आपणच. त्यात लबाडी असतेच असं नाही. पण आपलं अक्षर आपल्याला नेहमीच वाचता येतं.

चौसाळकर सर लबाड नव्हते, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्या हाताला यश होतं. मोठ्या शहरातलं हॉस्पिटल सोडून स्वतःच्या जिल्ह्यात आलेला माणूस. गुटखा, तंबाखू, मिश्री यांनी तोंडं सडलेली माणसं त्यांच्याकडं यायची आणि जगून घरी जायची. रागीट होते. पण राऊंडला एखादा पेशंट झोपलेला असला तर बूट न वाजवता पुढं जायचे.

त्याच दिवशी दुपारी नाझनीन आली. नाझनीन शेख, तीच ती फिजिओथेरपिस्ट. पेशंट तिला 'काडीवाली मॅडम' म्हणायचे, कारण तिचं सगळं शास्त्र आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांवर चालायचं. एकावर एक काड्या रचायच्या आणि तो गठ्ठा दातांच्या मध्ये धरायचा. चार-आठ दिवसांनी एक काडी वाढवायची. तोंड हळूहळू उघडत जातं.

हे कशासाठी, तर ऑपरेशन आणि त्यानंतरचा शेक यांनी जबड्याचे स्नायू आखडतात. शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडं सगळे शेकच म्हणतात. पहिल्या काही महिन्यांत रोज व्यायाम केला तर तोंड उघडं राहतं. ती वेळ हातची गेली की पुढं फार कठीण. साधी तपासणी अशी, की स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि समोरच्या दातांमध्ये जातात का बघायचं. वाचता वाचता करून बघा, मी थांबते. गेली? मग तुमचा जबडा ठीक आहे.

"मॅडम, माझं सोडा," नाझनीन म्हणाली. "मला दुसरीकडं काम मिळेल. पण या लोकांचे जबडे बसतील हो. दोन वर्षांनी कुणी आणलं तरी मग काड्यांनी काही होणार नाही."

तिनं तिची वही पुढं केली. तारखा, काड्यांची संख्या, सगळं नीट. मी ती वही घेऊन आगळे साहेबांकडं गेले. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"तिची वही? मॅडम, स्वतःची पोस्ट वाचवायला ती लिहिणारच की."

मला राग आला. पण जिना उतरता उतरता पटलंही. सर्जनला आपलं ऑपरेशन चांगलं दिसायला हवं आणि फिजिओला आपलं काम गरजेचं दिसायला हवं. दोघंही खरी माणसं, पण दोघांचाही त्यात जीव अडकलेला. ज्याचं त्यात काही अडकलेलं नाही असं माणूस सगळ्या हॉस्पिटलात एकच होतं. फायलीवाले साहेब.

मंगळवारी मी यादी घेऊन फोनला बसले. अगदी शुद्ध, कोरड्या सरकारी आवाजात सुरुवात केली. "नमस्कार, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून बोलतेय. आपल्याला तोंड उघडण्यास काही अडचण आहे का?"

पहिला म्हणाला, "न्हाई मॅडम. लई बेस हाय. सायबाला नमस्कार सांगा."

दुसरा म्हणाला, "अडचण? का ओ, परत कापायचं निघालं का?" त्याला समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली. शेवटी तो म्हणाला, "काईच अडचण न्हाई, ठिवा फोन."

तिसऱ्याचा फोन शेजाऱ्याकडं होता. "ते ऊसतोडीला गेलेत, साखर कारखान्यावर. दिवाळी झाल्याबरुबर गेलते." मी तक्त्यात बघितलं. जेवण: नॉर्मल. तोंड उघडणे: समाधानकारक. आणि त्याच्या फायलीत डिस्चार्जनंतरची एकही नोंद नव्हती. माणूस परत आलाच नव्हता.

संध्याकाळपर्यंत जे जे फोनवर भेटले ते सगळे बरे होते. एकजात बरे. मी पेनाचं टोपण काढलं. मनात म्हटलं, जोगदंडबाई, उगाच शहाणपणा केलास. सर बरोबर आहेत आणि तू म्हातारी व्हायला लागलीस.

सही मात्र केली नाही. बुधवारी फॉलोअप ओपीडी होती. फायली मोजायचं निमित्त काढून मी सरांच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. बाहेर व्हरांड्यात जत्रा भरलेली. सर भराभर पेशंट बघत होते, नाहीतर रात्र झाली असती.

"जेवण जातंय का?"

"जातंय."

"बोलता येतं?"

"येतं."

"काही त्रास?"

"न्हाई साहेब. तुमी हाव की."

सर गळा चाचपायचे, जखम बघायचे, टॉर्च मारून तोंडात डोकवायचे. गाठ परत आली का, हे ते अगदी बारकाईनं बघायचे. त्यात कसूर नव्हती. मग लिहायचे, नॉर्मल. पुढचा.

त्यात गहिनीनाथराव आले. उमापूरकडचे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हराशी पुकारायचं काम करायचे. हराशी म्हणजे लिलाव. ज्या माणसाचा आवाज चार गल्ल्या ऐकू जायचा तो तोंडावर रुमाल धरून उभा होता.

"जेवण जातंय का?"

"जातंय."

"बोलता येतं?"

"येतं."

तिथं माझ्या डोक्यात काहीतरी हललं. हे सगळे एकेका शब्दात उत्तर देत होते. आणि एका शब्दाचं उत्तर दात न उघडताही देता येतं.

मी माझ्या खिडकीत परत आले. ओपीडी झाली की फाईल जमा करायला सगळे तिथंच येतात. थोड्या वेळानं गहिनीनाथरावांना घेऊन त्यांच्या बायको आल्या, कौसाबाई. शेकाच्या ठिकाणी दाखवायला फायलीची कॉपी हवी होती.

"शुक्रवारी मिळेल, काकू. जेवून जा आता. कँटीनमध्ये ज्वारीची भाकरी असते."

"मी खाईन की. ह्येंचं न्हाई जमत." त्यांनी पिशवीतून स्टीलचा थर्मास वर काढला. "ह्येंची भाकर मी मिक्सरातून काढून आणती."

"मिक्सरातून?"

"वरनात भिजवायची, मिक्सरात फिरवायची, आन प्यायला द्यायची. लेकीच्या लग्नात आलेला मिक्सर व्हता. लेक म्हनती, आई, मिक्सर बाबाच्या नावावर करून टाक."

"अहो, पण आत्ता तर साहेबांना म्हणाले, जेवण जातंय!"

"जातंयच की," कौसाबाई म्हणाल्या. "नरड्यातून जातंय. चावून कुठं जातंय?"

"मग सांगायचं ना साहेबांना!"

"कावून सांगावं?" त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की जणू मीच काहीतरी असभ्य बोलले. "त्येनी जीव वाचवला मानसाचा. आन आमी त्येंच्यासमोर हुबं ऱ्हाऊन कुरकुर करावी व्हय? आदब हाय का न्हाई कायी?"

मागच्या रांगेतला एक पेशंट गहिनीनाथरावांना म्हणाला, "सांग की बे खरं. ताईला काय भ्यायचं?" गहिनीनाथराव हसले. म्हणजे डोळ्यांनी हसले, कारण तोंडानं हसायची सोय नव्हती. दातांच्या फटीतून म्हणाले, "साहेबानं जातंय का इचारलं. आपुन खरं सांगितलं."

मला माझीच लाज वाटली. काल दिवसभर मी फोनवर हेच केलं होतं. 'तोंड उघडण्यास अडचण' असं घरात कोण बोलतं? आणि हॉस्पिटलातून बोलतेय म्हटल्यावर आदब आड येणारच. प्रश्न चुकीचा, विचारणारी चुकीची आणि विचारलं तेही चुकीच्या माणसाला.

त्याच दुपारी मी पुन्हा फोन लावायला घेतले. या वेळी घाटनांदूरच्या आवाजात.

"राम राम, मी रेकॉर्डवाली जोगदंड ताई. तुमच्या घरात भाकर कोन करतं? त्येंच्याकडं द्या फोन."

मग चुलीजवळून कुणीतरी बाई यायची. मी विचारायची, "तुमचे मालक भाकर कशी खातात? मोडून, का चुरून, का वाटून?"

मोडून म्हणजे तुकडा मोडून, चावून. चुरून म्हणजे दुधात नाहीतर कालवणात चुरा करून. वाटून म्हणजे कौसाबाईंच्या मिक्सरासारखं. एवढा साधा प्रश्न, पण मी विचारते न विचारते तोवर बायका धडाधड बोलायला लागायच्या. "चुरून ओ ताई! आन चूळ भरली तर समदं बाहीर येतं." "मोडून खात्यात, काल तर मटनाची हाडं फोडली, तुमी कदी येता जेवायला?" "वाटून. दुकानदार म्हनतो, बाई, मिक्सरचं भांडं किती येळा बदलता?" पेशंट स्वतः असेल, म्हणजे बाईचंच ऑपरेशन झालेलं असेल, तर मी सुनेला नाहीतर नवऱ्याला विचारायची. एक नवरा म्हणाला, "ती चुरून खाती, आन आता मी बी चुरूनच खातो. तिच्यासमोर मोडून खाया बरं वाटत न्हाई." त्या फोननंतर मी एक कप चहा घेतला.

तोडीवर गेलेल्याचाही नंबर मिळाला. त्याची बायको फडातून बोलली, "हितं कुठला आलाय मिक्सर? मी खलबत्त्यात कुटती."

गुरुवारी एक फोन मात्र वेगळा होता. सून होती. म्हणाली, "मामाला जाऊन दोन महिने झाले, ताई." तक्त्यात त्यांच्या नावापुढंही जेवण नॉर्मल होतं. मला खूप वाईट वाटलं. मी तिची माफी मागितली. तिला कळेना मी कशाबद्दल माफी मागतेय, तरी तिनं मलाच धीर दिला.

गुरुवारी संध्याकाळी माझा तक्ता तयार झाला. मोडून, चुरून, वाटून आणि चौथा कॉलम: परत आलेच नाहीत. त्यातली मोडूनची यादी सगळ्यात छोटी होती. आणि चुरून-वाटूनवाल्यांपैकी बहुतेकांना नाझनीनकडं कुणी पाठवलंच नव्हतं. सर्जननं फॉर्मवर 'समाधानकारक' लिहिलं, की फिजिओची चिठ्ठी निघत नाही. चिठ्ठी नाही म्हणजे व्यायाम नाही. व्यायाम नाही म्हणजे जबडा बसणार. आणि आता त्याच 'समाधानकारक'च्या जोरावर काडीवाली मॅडमच जाणार होती.

बातमी माझ्याआधी पोचली होती. शुक्रवारी सकाळी चौसाळकर सर स्वतः रेकॉर्ड सेक्शनमध्ये आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"जोगदंड मॅडम, तुम्ही माझ्या पेशंटना फोन करून भाकरीचं विचारताय म्हणे. पाककृतींचं पुस्तक काढताय का?"

"नाही सर, पडताळणी करतेय."

"म्हणजे माझा डेटा खोटा आहे?"

सर मोठे सर्जन, हे खरं. पण शेवटी तो माझा सेक्शन होता. "खोटा नाही सर. तुम्ही जे ऐकलं ते तुम्ही लिहिलं. तुम्हाला ऐकवतच नाहीत ते, त्याला तुम्ही काय करणार?"

"आणि जे आले नाहीत त्यांचं काय म्हणणं आहे तुमचं? माणूस येत नाही म्हणजे बरा असतो. त्रास झाला की येतोच."

मी सुनेचा फोन सांगितला. सरांनी हात पुढं केला. म्हणाले, "त्यांची फाईल द्या." मी फाईल दिली. सर मागच्या रॅकजवळ स्टुलावर बसून ती वाचायला लागले. मग दुसरी मागितली, तिसरी मागितली. मी माझा तक्ताही देऊन टाकला. ते वाचत बसले आणि मी खिडकीवरच्या कामाला लागले.

एवढ्यात खिडकीवर गहिनीनाथराव आणि कौसाबाई. फायलीची कॉपी न्यायला शुक्रवारी बोलावलं होतं. रॅकमागं सर बसलेत हे त्यांना दिसायचं कारण नव्हतं. आणि खरं सांगते, कॉपीचा गठ्ठा शोधायच्या नादात मीही विसरले होते.

"जयभीम ताई," गहिनीनाथराव दातांतूनच म्हणाले. ते आता माझ्याशी मोकळे झाले होते. "काल केळं खाऊन बघितलं. उभं जाईना, म्हनून आडवं घातलं. आडवं बी जाईना. मग हिनं चमच्यानं चारलं, बारक्या लेकरावानी. मोंढ्यातले लोक इचारतेत, कदी येता पुकारायला? काय सांगू त्येनला? हराशी काय मुक्यानं करत्यात का? रातच्याला आरशासमोर तोंड उघडून बघतो. बोट बी जात न्हाई धड, ताई. लई जीव जातो."

कौसाबाईंनी पदर डोळ्याला लावला. आणि तेवढ्यात रॅकमागं सर शिंकले.

आमच्या रॅकवर वीस वर्षांची धूळ असते. ती शिंक काही साधी नव्हती. वरची दोन फोल्डर खाली पडली आणि त्यांच्या मागून नाक पुसत चौसाळकर सर उभे राहिले.

गहिनीनाथरावांनी एका क्षणात रुमाल सावरला, हात जोडले आणि म्हणाले, "बरं हाय साहेब! जेवण जातंय!"

पहिलं हसू रांगेतून आलं. मग कौसाबाईंना रडता रडता हसू फुटलं. मी तोंडावर फाईल धरली. सर तेवढे हसले नाहीत. तोच माणूस, तेच तोंड आणि एका मिनिटात दोन उत्तरं. दुसरं उत्तर फक्त त्यांच्यासाठी होतं, हे त्यांना कळलं होतं.

ते खिडकीतून बाहेर वाकले. "गहिनीनाथराव, रुमाल काढा. तीन बोटं लावा."

तीन गेली नाहीत. दोन गेली नाहीत. एक बोट कसंबसं गेलं.

"मला का नाही सांगितलं हो?"

"साहेब," गहिनीनाथराव फार अजिजीनं म्हणाले, "तुमी इचारलं जातंय का. जातंय."

 सरांनी माझ्याच टेबलावरचा कागद ओढला, चिठ्ठी लिहिली आणि स्वतः गहिनीनाथरावांना घेऊन नाझनीनच्या खोलीकडं गेले. जाताना माझा तक्ता बरोबर नेला. कौसाबाई हळूच म्हणाल्या, "ताई, साहेब रागावले का ओ?" म्हटलं, "रागावले, पण तुमच्यावर नाही."

शनिवारी मीटिंगला मलाही बोलावणं आलं. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे नाना. वय झालेलं, शेतीवाले, कान अजून तिखट. सरांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले, "हा मी भरलेला. आणि हा भाकरी करणाऱ्यांनी भरलेला. दुसरा खरा आहे."

आगळे साहेब कुजबुजल्यासारखं बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "सर, आपला रिझल्ट खराब दिसतो मग."

"ऑपरेशनं चांगलीच झालीत," सर म्हणाले. "पण मी माणूस वाचवला आणि उपाशी ठेवला, असं या कागदावरून दिसतंय. तो जेवायला लागेपर्यंत माझं ऑपरेशन संपलेलं नाही. फिजिओथेरपिस्ट काढायची असेल तर मग मलाही एवढी ऑपरेशनं करू देऊ नका."

नानांनी मला विचारलं, "बाई, हे मोडून-चुरून तुमी काढलं?"

"नाही, एका पेशंटच्या मालकिणीनं काढलं. मी फक्त लिहून घेतलं."

नाझनीनचं कंत्राट वाढवायचं त्याच बैठकीत ठरलं. शिवाय असंही ठरलं, की तोंडाचं ऑपरेशन झालेला प्रत्येक पेशंट आधी तिच्याकडं जाईल. फॉर्मवर काही लिहिलेलं असो वा नसो. फॉर्ममध्ये नवा कॉलम आला, भाकरी: मोडून, चुरून, वाटून. तो सर्जननं भरायचा नाही आणि फिजिओनंही नाही. रेकॉर्डनं घरी फोन करून भरायचा. जो परत आला नाही आणि फोनवरही भेटला नाही त्याच्यापुढं 'माहिती नाही' असंच लिहायचं, नॉर्मल नाही. सर काही दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. मग एका बुधवारी ओपीडीतून त्यांचा आवाज ऐकू आला, "काकू, ते राहू द्या. तुम्ही सांगा, भाकर कशी खातात?" मला इतका आनंद झाला, की मी विनाकारण तीन फायलींची कव्हरं बदलली.

गहिनीनाथराव चार महिने काड्या लावत होते. सगळं पहिल्यासारखं झालं नाही, तसं सांगितलं तर मीच चुकीचा डेटा दिल्यासारखं होईल. वाटूनवरून ते चुरूनवर आले. पण दोन बोटं जायला लागली आणि दोन बोटांत हराशी पुकारता येते म्हणे. एक दिवस खिडकीवर येऊन त्यांनी मला ज्वारीचा भाव असा काही पुकारून दाखवला, की वरच्या मजल्यावरची सिस्टर धावत खाली आली.

वर्षभरानं पुन्हा तीच मीटिंग, तोच तक्ता. नाना चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग सरांकडं वळून म्हणाले, "डॉक्टर, गेल्या साली पहिल्या कागदावर समदे नॉर्मल व्हते. औंदा पार चुरून, वाटून, माहिती न्हाई. काय बिघडलं काय?"

"बिघडलं काही नाही, नाना," सर म्हणाले. "औंदा विचारलं."